सोळा तास जायला, चौदा तास यायला

२०१८ च्या डिसेंबरात साताऱ्याची माझी आत्या पहिल्यांदा अमेरिकेला गेली. न्यू जर्सीतल्या एडिसनला, मुलाकडे, सुनेच्या बाळंतपणासाठी. सामानात डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि पर्समध्ये एक छोटी वही. आत्याचे यजमान एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली हे टिपून ठेवायची सवय त्या घरात सगळ्यांनाच. विमानात समोरच्या पडद्यावर जे जे दिसलं, ते तिने वहीत उतरवून घेतलं.

पोचल्यावर दोन दिवसांनी फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, थंडीचं वर्णन झालं, आणि मग म्हणाली, "अरे, मला एक सांग. अमेरिका पश्चिमेला ना? मग आमचं विमान मॉस्कोवरून कशाला नेलं? आणि सोळा तास झाले तरी बाहेर उजाडेच ना बघ."

फेब्रुवारीच्या अखेरीस परत आली तेव्हा तिसरा प्रश्न तयार होता. "येताना चौदाच तास लागले. रस्ता तोच, विमानही तसलंच. मग दोन तास गेले कुठे?"

हे तिन्ही प्रश्न चांगले आहेत, कारण त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. पुणे-सातारा अंतर आपण एका आकड्यात सांगतो आणि त्यावरून वेळही सांगतो. घाटात गर्दी असली तर अर्धा तास इकडे-तिकडे. विमानाचं तसं नाही. दोन शहरांमधले किलोमीटर जमिनीवर मोजलेले असतात, पण विमान चालतं हवेतून, आणि ती हवा स्वतःच प्रवासाला निघालेली असते.

दोरा आणि पृथ्वीगोल

पहिला प्रश्न सोडवायला एक पृथ्वीगोल आणि हातभर दोरा पुरतो. मुलांच्या टेबलावर असतो तसा साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को, अटलांटिक असा नेऊन बघा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ तिथूनच जाते. मग दोरा हळूहळू ताणा. तो तिथे थांबत नाही. गोलाच्या अंगावरून घसरत तो उत्तरेला सरकतो आणि ताठ झाला की एका भलत्याच जागी स्थिर होतो.

कुठे? मुंबईहून तो जवळजवळ उत्तर-वायव्येला सुटतो. सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या अगदी जवळून जातो. अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून मॉस्कोच्या डोक्यावर येतो. तिथून फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, मग आइसलँडच्या अंगावरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात शिरतो आणि वरून खाली न्यूयॉर्कवर उतरतो. आत्याला दिसलेलं मॉस्को बरोबर दोऱ्याखाली होतं.

आता दोऱ्याची लांबी मोजा. ताणलेला दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो, म्हणजे खऱ्या पृथ्वीवर सुमारे १२,५०० किलोमीटर. अरबस्तान-मोरोक्कोवरून नेलेला दोरा चार सेंटीमीटर जास्त लागतो, म्हणजे सुमारे १४,२०० किलोमीटर. गोलावरचे ते चार सेंटीमीटर खऱ्या आकाशात मुंबई ते कोलकाता विमानाने जाण्याइतके आहेत.

गोलावरच्या दोन ठिकाणांना जोडणारी ही सर्वांत छोटी वाट नेहमी एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. कलिंगडाचे दोन बरोबर सारखे भाग करताना सुरी ज्या रेषेवरून फिरते, ते वर्तुळ. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, पण कलिंगड तिरपं धरूनही बरोबर मधोमध कापता येतं. मुंबई आणि न्यूयॉर्क दोन्ही ज्या कापावर येतात, असा काप एकच आहे, आणि तो मॉस्कोवरून जातो.

नकाशा फसवतो तो इथे

तरीही पडद्यावरची ती कमान बघताना मन मानत नाही. सरळ रेघ सोडून विमान वळसा घालतंय असंच वाटत राहतं. दोष डोळ्यांचा नाही, कागदाचा आहे.

संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करायला गेलं की ती फाटते. पृथ्वीचा नकाशा करणाऱ्याला साल फाडायची नसते, म्हणून तो ती ताणतो. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटरने केलेला नकाशा अशाच ताणण्यातून झाला, आणि शाळेच्या भिंतीवर, फोनच्या पडद्यावर आजही बहुतेक तोच किंवा त्याची भावंडं असतात. खलाशांसाठी तो वरदान होता. नकाशावर सरळ रेघ मारायची, होकायंत्राचा काटा त्या एकाच कोनावर धरायचा आणि जहाज हाकायचं. पण या सोयीची किंमत उत्तरेकडच्या प्रदेशांनी मोजली. विषुववृत्तावर पृथ्वीला फेरी मारायला ४०,००० किलोमीटर चालावं लागतं. ६० अंश उत्तरेला, म्हणजे साधारण हेलसिंकीच्या पातळीवर, तीच फेरी २०,००० किलोमीटरमध्ये पूर्ण होते. नकाशावर मात्र दोन्ही रेघा एकाच लांबीच्या. म्हणजे हेलसिंकीजवळचा प्रत्येक किलोमीटर कागदावर दुप्पट ताणलेला आहे.

यामुळेच नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे, आणि आपला भारतच ग्रीनलंडच्या दीडपट भरतो. हे मुलांना सांगितलं की ती नकाशाकडे पुन्हा निरखून बघायला लागतात. माझ्या मते दर वर्गात नकाशाच्या शेजारी एक पृथ्वीगोल आणि दोऱ्याचं रीळ असलंच पाहिजे.

तर उत्तरेला गेलेलं विमान आडवाटेला गेलेलं नसतं. पृथ्वीचा घेर जिथे लहान आहे, तिथून ते पलीकडे जातं. डोंगराला वळसा घालताना पायथ्यापेक्षा खांद्यावरची पायवाट कमी पडते, तसंच.

पृथ्वी फिरते, मग फायदा का मिळत नाही?

आता जायला सोळा आणि यायला चौदा. इथे एक उत्तर हमखास पुढे येतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून काहीतरी होत असणार. पण नीट विचार केला तर ते उत्तर उलटं पडतं. पृथ्वी पूर्वेला फिरत असेल तर न्यूयॉर्क स्वतःच मुंबईहून निघालेल्या विमानाच्या दिशेने येतंय. मग जाताना कमी वेळ लागायला हवा! एका शाळकरी मुलाने मला विचारलं होतं की हेलिकॉप्टर नुसतं वर उभं ठेवलं तर काही तासांनी खाली अमेरिका का येत नाही.

चालत्या रेल्वेच्या डब्यात एक शेंगदाणा वर उडवून बघा. गाडी ताशी शंभर किलोमीटरने धावत असली तरी तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतो. कारण उडण्याआधीच गाडीचा वेग त्याच्या अंगात होता, आणि डब्यातली हवाही गाडीबरोबरच चालली होती. मुंबईची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते आहे. धावपट्टीवर उभं असलेलं विमान, त्यातले प्रवासी आणि भोवतालची हवा, सगळं त्याच वेगाने. उड्डाण केलं म्हणून ते सुटत नाही.

तरीही पृथ्वीचं फिरणं या गोष्टीतून पूर्णपणे बाजूला काढता येत नाही. ते आडमार्गाने परत येतं, वाऱ्याच्या रूपाने.

आकाशातली नदी

न्यूयॉर्कच्या अक्षवृत्तावर जमिनीचा वेग मुंबईपेक्षा कमी आहे, ताशी सुमारे १,२७० किलोमीटर. कारण तिथलं वर्तुळ लहान आणि वेळ मात्र तोच, चोवीस तास. आता समजा आपल्या पट्ट्यातली तापलेली हवा वर चढली आणि उंचावरून उत्तरेला निघाली. आपला पूर्वेकडचा जास्तीचा वेग ती बरोबर घेऊन जाते. चालत्या एसटीतून उतरणारा माणूस गाडीच्या दिशेने चार पावलं धावत जातो, तशी ती हवा उत्तरेच्या संथ जमिनीवरून पूर्वेला धावत सुटते. उष्ण आणि थंड हवा जिथे समोरासमोर येते, त्या सीमेवर हा जोर एकवटतो आणि ९ ते १२ किलोमीटर उंचीवर वाऱ्याची एक अरुंद, वेगवान नदी तयार होते. हाच जेट प्रवाह. नदीसारखाच तो वळणं घेतो, कधी दोन फाट्यांत विभागतो, कधी क्षीण होतो. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज, आणि हिवाळ्यात काही वेळा तीनशेच्याही वर. विमानंही नेमकी याच उंचीवर उडतात.

हा प्रवाह सर्वांत आधी मोजणाऱ्यांपैकी एक होते जपानचे वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग ठेवत. वर गेल्यावर फुगे पूर्वेला भन्नाट वेगाने पळतात हे त्यांनी नोंदवलं. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून आली, तेव्हा हा वारा वैमानिकांना प्रत्यक्ष भेटला.

आपल्या डोक्यावरही तो असतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला उतरतो आणि उत्तर भारतात पाऊस-बर्फ आणणाऱ्या वाऱ्यांना ओढून आणतो. पावसाळ्यात तो तिबेटच्या उत्तरेला निघून जातो आणि दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, उलट्या दिशेचा म्हणजे पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह वाहू लागतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. मॉन्सूनच्या अभ्यासात या शोधाचं मोल फार मोठं आहे.

विमानाला हा वारा कसा लागतो? संगम माहुलीला कृष्णेच्या पात्रात नाव वल्हवणाऱ्याला विचारा. तो वल्ही मारतो ती पाण्याच्या हिशोबाने, काठाच्या हिशोबाने नाही. प्रवाहाबरोबर निघाला तर काठावरची झाडं भराभर मागे पडतात. उलट निघाला तर तितकेच कष्ट करून एक झाड मागे पडायला वेळ लागतो. विमानाचंही हवेच्या तुलनेत वेगमान जवळपास ठरलेलं असतं, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. जमिनीच्या तुलनेत वेग किती, ते वारा ठरवतो. आत्याच्या वहीत जातानाची नोंद होती: 'वेग ८१२, बाहेर उणे ५६.' आणि येतानाची: 'वेग १,०४१!' पुढचं उद्गारचिन्ह तिचंच.

यात एक बारीक गोष्ट लपलेली आहे. जाताना जितकं नुकसान तितकाच येताना फायदा, मग फिटंफाट, असं वाटतं. पण तसं होत नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान हळू जातं, म्हणजे त्या वाऱ्यात ते जास्त वेळ राहतं. अनुकूल वाऱ्यातून ते लवकर बाहेर पडतं. तोट्याचे तास नेहमी फायद्याच्या तासांपेक्षा थोडे जास्त भरतात. वारा अजिबात नसता तर दोन्ही फेऱ्यांचा मिळून वेळ काही मिनिटांनी कमी झाला असता.

९ फेब्रुवारी २०२० ला पहाटे ब्रिटिश एअरवेजचं न्यूयॉर्कहून निघालेलं जम्बो जेट ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. अटलांटिकवर तेव्हा मोठं वादळ होतं आणि जेट प्रवाह फुगलेला होता. जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला. त्या उंचीवर आवाजाचा वेग त्याहून कमी असतो, तरी कसला स्फोटासारखा आवाज झाला नाही. कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते आपल्या नेहमीच्याच चालीने चाललं होतं. नदीच होडीला घेऊन पळत होती.

लांबची वाट, कमी तास

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडणारा दाखला ऑक्टोबर २०१६ चा आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोपर्यंत युरोप आणि अटलांटिकवरून पश्चिमेला जात असे. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर ही दोन शहरं साधारण १२,४०० किलोमीटरवर आहेत. दोरा तिबेट, सैबेरिया आणि आर्क्टिक समुद्रावरून जातो. पण तिबेटवरून जायला विमान कंपन्या कचरतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर श्वास घेता येईल अशा उंचीवर, साधारण ३ किलोमीटरवर, झटपट उतरावं लागतं. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. उतरणार कुठे?

तेव्हा एअर इंडियाने दिशाच बदलली. विमान पूर्वेला निघालं आणि पॅसिफिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. ही वाट १५,००० किलोमीटरहून जास्त, म्हणजे अटलांटिकच्या वाटेपेक्षा हजाराहून अधिक किलोमीटर लांब. वेळ लागला सुमारे साडेचौदा तास, पूर्वीच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! सगळा जेट प्रवाह पाठीशी होता. सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला. नकाशावर लांबची, घड्याळात जवळची.

उलट परत येताना पॅसिफिकवरून पश्चिमेला यायचं म्हटलं, तर तोच वारा छातीवर घ्यावा लागेल. म्हणून जाण्याची आणि येण्याची वाट एकच असावी असा आग्रह आकाशात कोणी धरत नाही. उत्तर अटलांटिकवर तर विमानांच्या वाटा रोज नव्याने आखतात. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शानविक, ही दोन नियंत्रण केंद्रं त्या दिवसाचा वारा बघून समांतर पट्टे ठरवतात. अमेरिकेला जाणाऱ्यांचे पट्टे जेट प्रवाह टाळून, युरोपला येणाऱ्यांचे पट्टे शक्य तिथे त्याच्यावर स्वार करून.

*चौकट: मुंबई-न्यूयॉर्क, थोडक्यात आकडे*

*सर्वांत छोटी वाट: सुमारे १२,५०० किमी. नकाशावरच्या सरळ रेघेने: सुमारे १४,२०० किमी.*

*वाटेतलं सर्वांत उत्तरेकडचं ठिकाण: आइसलँडजवळ, सुमारे ६५ अंश उत्तर.*

*थेट विमानाचा वेळ, मार्ग मोकळा असताना: जाताना साधारण १६ तास, येताना साधारण १४.*

*घड्याळांतला फरक: हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात (तिकडे घड्याळं तासभर पुढे केल्यावर) साडेनऊ.*

पाठीवरचं पाणी

इतक्या लांब न थांबता जायचं, तर विमान सगळं इंधन एकदम का भरून घेत नाही? घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. राजगड चढायला निघालेल्या माणसाने सॅकमध्ये दहा बाटल्या पाणी घेतलं, तर त्यातल्या दोन-तीन बाटल्या ते ओझं वाहिल्याने लागलेल्या तहानेतच संपतात. विमान इंधन वाहण्यासाठीही इंधन जाळतं.

या मार्गांवर चालणारं बोइंग ७७७-३०० ईआर जास्तीत जास्त सुमारे १,८१,००० लिटर इंधन घेऊ शकतं. रस्त्यावर २०,००० लिटरचे टँकर दिसतात, तसे नऊ टँकर. उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन ३५१ टन, त्यात इंधनच १४५ टनांपर्यंत. इतकं जड विमान सुरुवातीला फार उंच जाऊ शकत नाही. तासागणिक ओझं हलकं होतं, तसं ते पायरी-पायरीने वर चढतं, कारण वरच्या विरळ हवेत अडथळा कमी आणि खर्चही कमी. रात्री तीन-चार वाजता इंजिनांचा आवाज जरा वाढल्यासारखा वाटतो आणि पुन्हा मंदावतो, तेव्हा बहुतेक अशीच एक पायरी चढून झालेली असते.

याच कारणाने विमान आणखी जोरात पळवून वेळ वाचवत नाहीत. आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन वाऱ्यावर उडाल्यासारखं जातं.

तिकिटावरच्या सोळा तासांत सगळा वेळ उडण्याचा नसतो, हेही सांगायला हवं. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान हललं, तिथपासून पलीकडे पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो वेळ आहे. मुंबईच्या रांगेत उभं राहणं, न्यूयॉर्कवर घिरट्या घालणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

कुंपण घातलेलं आकाश

दोरा आणि वारा दोन्ही साथ देत असले, तरी वाटेतल्या देशाने फाटक लावलं की संपलं. देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाचंच. आत्या गेली त्यानंतर अडीच महिन्यांनीच, २७ फेब्रुवारी २०१९ ला, पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि ते पूर्ण उघडायला १६ जुलै उजाडला. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. मोहेंजोदडोवरून जाणारा आपला दोरा तिथेच तुटतो. मुंबईच्या विमानाला निदान अरबी समुद्र मोकळा असतो, ते समुद्रावरून ओमान-इराणच्या बाजूला वळतं. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली येऊन मग पश्चिमेला जावं लागतं. दिल्लीहून अमेरिकेच्या काही विमानांना त्यापायी वाटेत युरोपात उतरून इंधन भरावं लागलं.

रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या बहुतेक विमानांना २०२२ पासून बंद आहे. सर्वांत मोठा फटका बसला तो फिनलंडच्या फिनएअरला. हेलसिंकी-टोकियो हा प्रवास आधी नऊ-साडेनऊ तासांचा होता, तो एका रात्रीत तेरा तासांवर गेला. हेलसिंकी आणि टोकियो होती तिथेच आहेत.

उजाडेना का?

आता आत्याचा मधला प्रश्न. विमान रात्री दीडला सुटलं आणि सोळा तासांनी उतरलं. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. तरी खिडकीबाहेर अख्खा प्रवास अंधार.

यालाही ते उत्तरेकडचं लहान वर्तुळच जबाबदार आहे. ६० अंश उत्तरेला जमीन ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते. म्हणजे पहाटेची उजेडाची कडा तिथे याच वेगाने पश्चिमेला सरकते. आणि आत्याच्या वहीतला विमानाचा वेग होता ८१२. उजेड मागून येत होता, पण त्याला विमान गाठता येत नव्हतं. हिशोब करून बघितला. फिनलंडवर विमान आलं तेव्हा खालच्या गावांत सूर्याच्या हिशोबाने पहाटेचे साधारण पाच वाजले होते. चार-साडेचार तास उडून, साडेतीन हजार किलोमीटर मागे टाकून ते ग्रीनलंडच्या टोकाशी पोचलं, तेव्हा तिथेही पहाटेचे पाच वाजायचेच होते. त्या अक्षवृत्तांवर डिसेंबरात सूर्य मुळातच फार उशिरा उगवतो. म्हणून पहाटेचे पाच जागच्या जागी थांबले होते आणि विमान त्यांच्याखालून चाललं होतं. दक्षिणेला, न्यूयॉर्ककडे वळल्यावर जमिनीचा वेग वाढला, आणि उतरता उतरता क्षितिजावर तांबडं फुटलं.

याहून जरा जास्त वेगाचं विमान जरा जास्त उत्तरेने पश्चिमेला गेलं, तर ते सूर्यालाही मागे टाकतं. अशा विमानातून मावळलेला सूर्य पश्चिमेकडून पुन्हा वर येताना दिसू शकतो.

आत्याला हे सगळं मी पृथ्वीगोल पुढे ठेवून सांगितलं. दोरा तिनेच धरला होता. मग तिने वही उघडली आणि तिकिटांवरच्या वेळा दाखवल्या. जाताना मुंबई रात्री १.३०, न्यूयॉर्क त्याच दिवशी सकाळी ७.००. घड्याळं बघितली तर साडेपाच तासांचा प्रवास! येताना न्यूयॉर्क सकाळी ११.००, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०, म्हणजे साडेचोवीस तासांचा. दोन्ही आकडे खोटे, कारण एकात साडेदहा तास वजा झालेत आणि दुसऱ्यात तेवढेच मिळवलेत. पण बेरीज केली की खोट आपोआप निघून जाते. साडेपाच अधिक साडेचोवीस, तीस. सोळा अधिक चौदा, तीस.

ती बेरीज आत्याने परतीच्या विमानातच केली होती. यजमान फेऱ्यांच्या रजिस्टरात दिवसाचा मेळ बसल्यावर मारायचे, तशा दोन रेघा तिने त्या तीसच्या खाली मारल्या होत्या.